झगा, अब्रू आणि आयर्लंड

१८८४ च्या सुमारास डब्लिनच्या ‘युनायटेड आयर्लंड’ या साप्ताहिकाने ब्रिटिश राजवटीच्या दोन बड्या अधिकाऱ्यांबद्दल आडून आडून लिहायला सुरुवात केली. एक पोलिसांच्या गुप्तहेर खात्याचा जेम्स एलिस फ्रेंच, दुसरा डब्लिनच्या जनरल पोस्ट ऑफिसचा सचिव गुस्टाव्हस कॉर्नवॉल. साहेबांना पुरुषांचा शौक आहे, असा त्या लिखाणाचा रोख. संपादक विल्यम ओब्रायन हा खासदार आणि कट्टर राष्ट्रवादी. इंग्रजांची लक्तरे वेशीवर टांगण्याची संधी तो सोडणार नव्हता. कॉर्नवॉलने अब्रूनुकसानीचा दावा लावला. ओब्रायनने तरुण पुरुषांनाच साक्षीला उभे केले आणि कॉर्नवॉल दावा हरला. राष्ट्रवाद्यांना हर्षवायू झाला. परकी सत्तेविरुद्ध लढताना हाताला लागेल ते हत्यार चालते, आणि त्या काळी याच्याइतके धारदार हत्यार दुसरे नव्हते.

पुढे अकरा वर्षांनी, १८९५ मध्ये, मूळच्या डब्लिनच्या ऑस्कर वाइल्डने लंडनमध्ये हाच मार्ग धरला आणि तोही तोंडघशी पडला. क्वीन्सबरीच्या मार्क्विसवर लावलेला बदनामीचा खटला त्याच्यावरच उलटला आणि त्याला दोन वर्षे सक्तमजुरी झाली.

डब्लिनमध्ये २०१४ साली पुन्हा अब्रू गेल्याची तक्रार झाली. या खेपेला तक्रारदारांना कोणी समलिंगी म्हटले नव्हते. त्यांना होमोफोबिक, म्हणजे समलिंगींचा तिटकारा करणारे, म्हटले होते. आणि म्हणणारा होता ड्रॅग कलाकार, झगा घालून रंगमंच गाजवणारा पुरुष. सव्वाशेहून अधिक वर्षांत बेअब्रू कशाने होते याचा हिशेबच उलटा झाला होता. आयर्लंडमधल्या समलिंगीद्वेषाची खरी कुळकथा या उलथापालथीत आहे, आणि तिच्यात झग्याचा वाटा मोठा आहे.

मुळात, पुरुषाने बाईचे कपडे घालण्याचे आयर्लंडला कधी वावडे नव्हते. १७६० च्या दशकात मन्स्टर प्रांतात जमीनदार गावची गायराने कुंपण घालून बळकावू लागले, तेव्हा रात्री बाहेर पडून कुंपणे उखडणारे शेतकरी अंगावर पांढरे सदरे चढवत. त्यावरून त्यांना ‘व्हाइटबॉइज’ म्हणत. आपण ‘राणी सायव्ह’ची माणसे आहोत, असे ते सांगत. पुढे १८३० च्या सुमारास क्लेअर परगण्यातले बंडखोर स्वतःला ‘लेडी क्लेअर’ची पोरे म्हणवू लागले, आणि १८४० च्या दशकात ‘मॉली मॅग्वायर्स’ हा जथा तर चक्क बायकांच्या पोशाखात जमीनदारांच्या माणसांवर तुटून पडे. चेहरा लपवणे हे एक कारण झाले. पण वेष सर्रास बाईचाच का, याचा विचार करण्यासारखा आहे. लेकरांच्या तोंडचा घास राखायला आई बाहेर पडली आहे, असा त्या सोंगाचा दावा होता.

सणांतही तेच. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, निघणाऱ्या ‘रेन बॉइज’च्या टोळीत एखादा गडी झगा घालून हमखास नाचायचा. केरी परगण्यात संत ब्रिजिडच्या सणाला निघणाऱ्या ‘बिडी बॉइज’चेही असेच. शहरात असेच सोंग नाताळातल्या पँटोमाइम या विनोदी नाटकात दिसे. जिमी ओडी हा नट बिडी मलिगन नावाची फाटक्या तोंडाची रस्त्यावरची विक्रेती रंगवायचा आणि गेएटी थिएटर हसून हसून लोटपोट व्हायचे. तिथे लेकराबाळांसह येणारी कुटुंबे आदल्याच रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून आलेली असत.

डब्लिनच्या ॲबी थिएटरात जानेवारी १९०७ मध्ये आयरिश नाटककार सिंगचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ आले आणि प्रेक्षकांनी दंगा केला, हे नाट्यरसिकांना ठाऊक असते. त्या नाटकाच्या शेवटच्या अंकात नायकाला जमावापासून वाचवण्यासाठी दोन बायका त्याला परकर नेसवू पाहतात. दंगा मात्र पेटला तो बायकांच्या अंतर्वस्त्राच्या नुसत्या उल्लेखावरून. झगा पुरुषाच्या अंगावर असला तर करमणूक. त्याच्या आतल्या शरीराबद्दल कोणी बोलले, की गहजब.

कायदा नेमका त्या शरीराच्या मागे लागला होता. १८६१ चा ब्रिटिश कायदा पुरुषांमधल्या संबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देत असे. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच राज्यकर्त्यांनी भारतीय दंडसंहितेत ३७७ वे कलम घातले होते. १८८५ च्या कायद्याने जाळे आणखी बारीक विणले. आयर्लंड १९२२ मध्ये स्वतंत्र झाले, इंग्रजांची पत्रपेट्यांवरची लाली काढून त्यांना हिरवा रंग दिला, आणि हे दोन्ही कायदे मात्र जसेच्या तसे ठेवले. त्यातूनच एक अजब दुटप्पीपणा जन्मला. गेट थिएटरचे संस्थापक मीहॉल मॅक लिअमोर आणि हिल्टन एडवर्ड्स ही जोडी पन्नास वर्षे एकत्र राहिली. सगळ्या डब्लिनला माहीत होते, कोणी बोलत नव्हते. १९७८ मध्ये मॅक लिअमोर वारला तेव्हा राष्ट्राध्यक्ष पॅट्रिक हिलरी अंत्यविधीला हजर होते. लंडनहून आलेला ॲलन अॅम्सबी ‘मिस्टर पुसी’ या नावाने सत्तरच्या दशकात आयर्लंडभर ड्रॅगचे खेळ करत हिंडत होता आणि गावोगावी तिकिटे खपत होती. रंगमंचावर टाळ्या, कायद्याच्या पुस्तकात तुरुंग.

हा सौदा किती महाग होता ते सप्टेंबर १९८२ मध्ये दिसले. डब्लिनच्या फेअरव्ह्यू पार्कमध्ये पोरांच्या टोळक्याने एका तरुणाला मारून टाकले. तो समलिंगी आहे, एवढेच कारण. पुढच्या वर्षी कोर्टाने आरोपींना दोषी धरले, शिक्षा स्थगित केली आणि ती पोरे घरी गेली. मार्च १९८३ मध्ये लोक लिबर्टी हॉलपासून त्या बागेपर्यंत चालत गेले. आयर्लंडमधल्या प्राइड मिरवणुकीची वंशावळ लिहिताना बहुतेक जण या मोर्चापासून सुरुवात करतात.

त्याच साली डेव्हिड नॉरिस हा ट्रिनिटी कॉलेजातला प्राध्यापक, जेम्स जॉइसचा जाणकार, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या त्या जुन्या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तीन विरुद्ध दोन मतांनी हरला. ख्रिस्ती राष्ट्राच्या घटनेत हा कायदा बसतो, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. नॉरिस युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. त्याच्या वकील होत्या मेरी रॉबिन्सन. १९८८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, तरी सरकारला कायदा बदलायला आणखी पाच वर्षे लागली. १९९३ मध्ये न्यायमंत्री मॉइरा गेगन-क्विन यांनी तो बदलला. समलिंगी मुलाची एक आई शिष्टमंडळाबरोबर येऊन आपली कहाणी सांगून गेली, त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. विधेयकावर सही झाली तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी होत्या त्याच मेरी रॉबिन्सन.

कायदा गेला, आणि ड्रॅगचा बाज बदलला. तोवर झग्यातला नट बाईची नक्कल करत होता. आता तो स्वतःबद्दल बोलू लागला. १९८७ मध्ये एकदा झालेली ‘ऑल्टर्नेटिव्ह मिस आयर्लंड’ ही सौंदर्यस्पर्धेची टवाळी १९९६ पासून दरवर्षी, सेंट पॅट्रिक्स डेच्या आसपास, भरू लागली. जमलेला पैसा एचआयव्हीग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांना जाई. तिची एक विजेती ‘शर्ली टेंपल बार’ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरकारी वाहिनी आरटीईवर भरदुपारी बिंगोचे आकडे सांगू लागली, आणि घरोघरच्या आज्या ते आकडे टिपून घेऊ लागल्या. आयर्लंडचे मन वळवण्याचे श्रेय मोठमोठ्या भाषणांना मिळते. या बिंगोला त्यातला थोडा तरी वाटा मिळायला हवा.

‘ऑल्टर्नेटिव्ह मिस आयर्लंड’चे सूत्रसंचालन करायची पँटी ब्लिस, म्हणजे रोरी ओनील. गाव मेयो परगण्यातले बॅलिनरोब, वडील गुरांचे डॉक्टर. ज्या कॅप्टन बॉयकॉटवर गावकऱ्यांनी १८८० मध्ये बहिष्कार टाकून त्याचे नाव जगाच्या कोशात घातले, तो याच गावाजवळ राहत होता. रोरीने टोकियोत ड्रॅगचे खेळ केले, १९९५ मध्ये तो डब्लिनला परतला आणि २००७ मध्ये त्याने केपल स्ट्रीटवर ‘पँटीबार’ काढला.

११ जानेवारी २०१४ रोजी आरटीईच्या ‘सॅटरडे नाइट शो’मध्ये रोरी साध्या कपड्यांत मुलाखतीला बसला होता. देशात समलिंगीद्वेष कुठे दिसतो, या प्रश्नावर त्याने काही स्तंभलेखकांचा आणि कॅथॉलिक विचारांच्या आयोना इन्स्टिट्यूटचा उल्लेख केला. मंडळींनी वकिलांमार्फत नोटिसा धाडल्या. समलिंगी विवाहाला आमचा विरोध आहे, पण म्हणून आम्ही कोणाचा द्वेष करतो असे होत नाही, हे त्यांचे म्हणणे. मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नव्हता. आरटीईने मुलाखतीतला तो भाग इंटरनेटवरून काढला, जाहीर माफी मागितली आणि ८५ हजार युरो मोजले. पैसा परवानाशुल्क भरणाऱ्या जनतेचा होता, त्यामुळे जनताही भडकली. प्रकरण संसदेत गेले, युरोपीय संसदेतही त्याचा उल्लेख झाला. वाद आता एका माणसाचा राहिला नव्हता: समलिंगीद्वेष म्हणजे काय हे ठरवायचे कोणी, ज्याला तो सोसावा लागतो त्याने की ज्याच्यावर आरोप होतो त्याने?

उत्तर मिळाले ॲबी थिएटरात. तिथे १९१३ च्या डब्लिनमधल्या टाळेबंदीवरचे ‘द रायझन पीपल’ हे नाटक चालू होते. आयरिश मैफलीत एकाने गायले की पुढच्याला गाण्याचा मान देण्याची जुनी रीत आहे, तिला ‘नोबल कॉल’ म्हणतात. ॲबीने ती उचलली होती; रोज प्रयोगानंतर एक पाहुणा मंचावर येऊन गाणार किंवा बोलणार. १ फेब्रुवारीला, अखेरच्या प्रयोगानंतर, पँटी आली. विग, मेकअप, उंच टाचा, सगळा जामानिमा.

ती जेमतेम दहा मिनिटे बोलली. रस्ता ओलांडायला सिग्नलपाशी उभे असताना शेजारून गाडी जाते, आतली पोरे शिवी हासडतात, दुधाचे खोके फेकून मारतात. लागत काहीच नाही. पण त्यानंतर दर सिग्नलला माणूस स्वतःकडे पाहू लागतो: हात कसा ठेवलाय, उभा कसा आहे, आपण ओळखू येतोय का? बायकी वळणाचा मित्र आगगाडीत सोबत असला की तो जरा कमी बायकी असता तर, असे मनात येते, आणि ते आल्याची लाज वाटते. या सगळ्या प्रसंगांतून ती एका जागी येऊन थांबली. या समाजात वाढलेला कोणीही या रोगातून सुटलेला नाही, मीसुद्धा नाही, असे तिने सांगून टाकले.

भाषणाचे मर्म हे आहे. वकील विचारत होते, अमुक माणूस समलिंगीद्वेष्टा आहे की नाही. पँटीने तो शब्द आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून सगळ्या सभागृहावर पसरला. सगळ्यांनाच लागू होणाऱ्या गोष्टीवर अब्रूनुकसानीचा दावा लावायचा कोणी आणि कोणावर? चित्रफीत काही दिवसांत जगभर लाखो लोकांनी पाहिली. पेट शॉप बॉइजने तर त्या शब्दांना ताल देऊन गाणे केले.

पुढच्या वर्षी समलिंगी विवाहावर सार्वमत होते. १८ जानेवारी २०१५ ला, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी आरटीई रेडिओवर आपण समलिंगी असल्याचे सांगितले. त्यांचे वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. ट्रिनिटीचे विद्यार्थी ‘आजीला फोन करा’ म्हणून मोहीम चालवत होते. परदेशी गेलेली पोरे मतासाठी विमानाने घरी येत होती. २२ मे रोजी ६२ टक्के मते समलिंगी विवाहाच्या बाजूने पडली. ४३ मतदारसंघांपैकी फक्त रॉसकॉमन–साउथ लीट्रिमने नकार दिला. निकालाच्या दिवशी डब्लिन कॅसलच्या पटांगणात गर्दी लोटली आणि तिच्यात पँटीही होती. फ्रेंच आणि कॉर्नवॉलचे प्रकरण ज्या कॅसलच्या नावाने ओळखले जाते, तोच हा कॅसल. वराडकर २०१७ मध्ये पंतप्रधान झाले, २०१८ मध्ये त्यांनी जुन्या कायद्याखाली शिक्षा भोगलेल्यांची संसदेत माफी मागितली आणि २०१९ च्या अखेरीस ते वराडला जाऊन आले.

इथे थांबले तर परीकथा होईल. नकाराची मतेही सात लाखांच्या वर होती, आणि ती माणसे कुठे गेली नाहीत. समलिंगी शिक्षकाला धार्मिक संस्थेच्या शाळेतून काढण्याची मोकळीक देणारी तरतूद सार्वमत होऊन गेल्यावर, डिसेंबर २०१५ मध्ये बदलली. एप्रिल २०२२ मध्ये स्लायगो शहरात दोन समलिंगी पुरुषांचे खून झाले. २०२३ मध्ये किशोरवयीनांसाठी ठेवलेल्या समलिंगी विषयांवरच्या पुस्तकांवरून निदर्शकांनी वाचनालये गाठली. जुलैमध्ये कॉर्कचे मुख्य वाचनालय त्यापायी लवकर बंद करावे लागले. मुलांना गोष्टी वाचून दाखवणारे ड्रॅग कलाकारही या रोषातून सुटले नाहीत. पँटोमाइममध्ये लेकरांना हसवणारा झग्यातला गडी ज्यांना चालत आला, त्यांना हातात पुस्तक घेतलेला चालेना.

त्याच २०२३ मध्ये आरटीईने आपल्या रविवार संध्याकाळच्या ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ या नृत्यस्पर्धेत एका नव्या स्पर्धकाला घेतले. ती पँटी ब्लिस होती.

द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना वाढीव शिक्षा देणारा कायदा आयर्लंडमध्ये ३१ डिसेंबर २०२४ पासून अमलात आला. मूळ विधेयकातला द्वेषाच्या चिथावणीचा भाग मात्र विरोधामुळे सरकारने वगळला. त्यासाठी १९८९ चाच कायदा ठेवला आहे.