बुधवारचे गाव : डिचोली पेठेचा इतिहास कुठे शोधावा?



व्याख्यानमालेत मोठे विषय घ्यावेत असा आपल्याकडे रिवाज आहे. मी आज एका लहान गावाचा विषय घेतला आहे, आणि तोही त्या गावाच्या आठवड्यातल्या एका दिवसाचा. डिचोलीचा बुधवार. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : या गावावर राज्य कोणाचे होते हे आपल्याला बरेचसे ठाऊक आहे, परंतु गाव गाव म्हणून कशामुळे टिकले याची नोंद राजवटींच्या कागदांत फारशी सापडत नाही. ती बाजारात सापडते, आणि त्या बाजाराचे कागद तुमच्या-माझ्या घरांच्या माळ्यावर आहेत.

उत्तर गोव्यातला आठवडा पाहा. सोमवारी साखळी, मंगळवारी वाळपई, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे, शुक्रवारी म्हापसा. पाच गावे, पाच वार, आणि एकाचा वार दुसऱ्याच्या आड येत नाही. फिरता व्यापारी आज एका गावात न खपलेला माल उद्या पुढच्या गावात मांडू शकतो. सत्तरीतल्या बाईला आपली सुपारी, काजू किंवा रानभाजी मंगळवारी वाळपईला विकता येते आणि भाव पडला तर दुसऱ्या दिवशी डिचोलीला यायची वाट मोकळी असते.

इंग्लंडातली लहान बाजारगावे आपला इतिहास राजाच्या सनदेपासून सांगतात. अमुक राजाने अमुक साली अमुक वारी बाजार भरवण्याचा हक्क दिला, असे तिथे लिहिलेले असते, आणि चौकात उभा असलेला दगडी क्रूस त्या बाजाराची खूण असते. शेजारच्या गावाने जवळच बाजार सुरू केला तर जुने गाव सनद पुढे करून भांडायला जाई. आपल्या बुधवाराला आधार आहे तो माणसांच्या सवयीचा. सनद बदलते, रद्द होते. सवय अधिक चिवट असते. ती किती चिवट हे कळण्यासाठी या गावावरून किती राजवटी गेल्या ते आठवावे.

जुन्या कागदांत हा मुलूख भतग्राम महाल म्हणून येतो. दिवाडी बेटावरचे कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी मोडले, तेव्हा देव नदी ओलांडून आला तो याच महालातल्या नार्वे गावात. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला. पुढे औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि काही काळ डिचोलीत राहिला. गावातला नमाजगाह त्याने बांधला अशी परंपरा आहे. 1684 च्या जानेवारीत शहा आलमची मोगल फौज घाट उतरून आली आणि तिने डिचोलीतले वाडे व बागा उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर सावंतवाडीकर भोसले, 1746 मध्ये हळर्णे जिंकून पुढे सरकलेले पोर्तुगीज, पुन्हा भोसले, आणि अखेर 1781 च्या सुमारास कायमचे पोर्तुगीज. पेडणे त्यांच्या हाती 1788 साली आले. शंभर-सव्वाशे वर्षांत इतके धनी झाले. तरी पेठ उठली नाही.

ती का उठली नाही, याचे पहिले कारण जमीन आणि पाणी. डिचोलीची नदी पुढे मांडवीला मिळते, आणि भरतीच्या पाण्यावर होड्या गावापर्यंत येत. दुसऱ्या बाजूला रामघाट आणि चोर्ल्याची वाट. किनाऱ्याचे मीठ, खोबरे आणि सुके मासे वर जायचे, घाटावरून मिरची, कांदा, गूळ, कडधान्य आणि कापड खाली यायचे. होडीचा माल बैलाच्या पाठीवर चढवण्याची आणि बैलाचा माल होडीत भरण्याची जी जागा, तिथे पेठ होणारच. राजा कोणीही असो, त्याला जकात हवी असते, आणि जकात हवी तर बाजार राखावा लागतो.

दुसरे कारण कारागिरांचे. डिचोलीचा कुंभारवाडा आणि इथल्या पितळी समया यांची ओळख तालुक्याबाहेरही आहे. मडकी आणि समई या दोन वस्तू घराच्या दोन टोकांना असतात, एक चुलीपाशी आणि एक देवापाशी. त्या जिथे घडतात तिथे लोकांना यावेच लागते. चवथ जवळ आली की माटोळीचे सामान घ्यायला, आणि पावसाळ्याआधी पुरुमेताचे मीठ, मिरची, सोले आणि सुकी मासळी भरायला सारा मुलूख पेठेत उतरतो. ‘पुरुमेत’ हा शब्द पोर्तुगिजातून आला, पण पावसाचे चार महिने धान्य पुरवून खाण्याची काळजी त्यांच्या आधीची आहे.

तिसरे कारण देवस्थानांचे. नव्या काबिजादींत हिंदूंच्या रीतिरिवाजांना हात लावायचा नाही हे धोरण पोर्तुगिजांनी ठेवले होते. जुन्या काबिजादींत देवळे पाडल्याचा इतिहास मागे असताना, इथे शांतादुर्गेची पालखी पेठेतून उघड फिरू शकली. डिचोलीचा नव्याचा सोमवार आजही गावाच्या पंचांगातला मोठा दिवस आहे. पालखी रस्त्याने फिरते, घरोघरी तिचे स्वागत होते, आणि रात्री गाण्याच्या मैफली रंगतात. या उत्सवाला दुकानदाराची वर्गणी, कारागिराची सेवा आणि गवयाची हजेरी सारखीच लागते. पेडण्यातही तेच दिसते. भगवतीच्या देवळासमोरचे दोन दगडी हत्ती, दसऱ्याची तरंगे, कोजागिरीची पुनव आणि जत्रेतले दशावतार या सगळ्यांसोबत दुकानांची रांग असतेच. हरमलची मिरची गुरुवारच्या बाजारात जितकी विकली जाते, तितक्याच गोष्टी तिथे सांगितल्या-ऐकल्या जातात. लग्ने जुळतात, शेताच्या मेरेचे तंटे मिटतात, कुणाच्या आजारपणाची बातमी गावोगाव पोचते.

आता या टिकाऊपणाला धक्के बसले ते पाहू. पहिला धक्का सीमेचा. सावंतवाडी आणि बांदा हे या पेठांचे जुने शेजारी. सोयरिकी पलीकडे, कुळदेव पलीकडे, मालाचा उगम पलीकडे. 15 ऑगस्ट 1955 रोजी पेडणे तालुक्यातल्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि त्या वर्षापासून सीमा जवळजवळ बंद झाली. भारताची आर्थिक नाकेबंदी होती तीही त्याच काळात. ज्या पेठेचे अर्धे गिऱ्हाईक डोंगरापलीकडे होते, तिला हा काळ कसा गेला असेल याची कल्पना करता येते. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि वाट पुन्हा उघडली. त्यानंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि आपल्या घरांतली एक संपूर्ण पिढी त्या शाळांत शिकली.

दुसरा धक्का खाणीचा, आणि तो आधी धक्का वाटलाच नाही. शिरगाव, मुळगाव, लामगाव, पाळी, वेळगे ही नावे लोखंडाच्या मातीमुळे जहाजांच्या कागदांवर गेली. ट्रक आले, मांडवीत बार्ज आल्या, आणि पेठेत रोख पैसा आला. शेतात माती गेली आणि विहिरी आटल्या, हेही त्याच वर्षांतले. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रकाचा हप्ता थकला की किराणा दुकानातली उधारी वाढते, हे अर्थशास्त्र पेठेला कुणी शिकवावे लागले नाही. ज्या बाजाराने मोगल फौज पचवली, तो एकाच मालावर विसंबला तेव्हा मात्र डगमगला. पेडण्यात आज मोपाचा विमानतळ आहे, जमिनीचे भाव चढले आहेत. तिथल्या मंडळींनी डिचोलीची ही वर्षे डोळ्यांपुढे ठेवावीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे सारे लिहायचे तर साधने कोणती? पणजीचे पुराभिलेखागार 1595 साली स्थापन झाले, आणि त्यात या मुलखाविषयी पुष्कळ कागद आहेत. परंतु सरकारी दप्तराला गाव दिसते ते महसुलाच्या आणि बंदोबस्ताच्या खिडकीतून. देवस्थानांसाठी पोर्तुगिजांनी नियम केले, महाजनांच्या याद्या झाल्या. त्या याद्यांत महाजन सापडतात. समई घडवणारा, मडकी रचणारा, होडी वल्हवणारा सापडत नाही.

तो सापडतो कीर्द-खतावणीत. जुन्या दुकानाची वही उघडा. वर ‘श्री’, मग शके आणि महिना, आणि मोडीत जमा-नावे. कोणत्या गावचा माणूस कोणत्या दिवसांत माल नेतो, कुणाची उधारी भात कापल्यावर फिटते, देवाच्या उत्सवाला कोणी काय दिले, मुसलमान व्यापाऱ्याकडून काय घेतले, ख्रिस्ती गिऱ्हाइकाने नाताळाआधी काय नेले, हे सारे तिथे ओळीने मांडलेले असते. मापे खंडी, कुडव, पायलीची. नाणी आधी पोर्तुगीज रुपयाची, मग 1950 च्या दशकाच्या अखेरीस एस्कुदोची, आणि मुक्तीनंतर भारतीय रुपयाची. एका घराच्या वह्यांत तीन चलने आणि दोन राजवटी येतात, आणि तरी गिऱ्हाइकांची नावे तीच राहतात. गाव टिकणे म्हणजे काय, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

वहीलाही मर्यादा आहे, हे सांगितले पाहिजे. वहीत नाव येते ते ज्याला उधार मिळते त्याचे. टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला बसणारी, रोख विकून रोख मीठ-तेल घेऊन परतणारी बाई वहीत नाही. बाजारात कोणी ओट्यावर बसायचे आणि कोणी जमिनीवर, कोणाच्या हातून पैसे घ्यायचे आणि कोणाचे पैसे खाली ठेवायला सांगायचे, हेही वहीत नाही. जातीची ती शिस्त आपल्या पेठांनी पाळली, आणि आपल्या घरांनी तिचा लाभ घेतला. बुधवाराने सगळ्यांना एकत्र आणले हे खरे, पण एका पंक्तीला बसवले नाही. जे वहीत नाही ते म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागेल, आणि विचारताना पहिल्यांदा त्या टोपलीवालीच्या घरी जावे लागेल.

म्हणून मंडळाला आणि आपणा सर्वांना माझी तीन कामांची विनंती आहे. माळ्यावरच्या वह्या रद्दीत घालू नका. वाळवी त्यांच्याकडे आपल्याआधी पोचलेली असते, म्हणून या पावसाळ्याआधीच त्या खाली उतरवा. मोडी वाचणारी माणसे थोडी उरली आहेत, त्यांच्याजवळ दोन-चार तरुणांना बसवा. आणि प्रत्येक बुधवारी बाजारात बसणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्या माणसाकडे तासभर बसून त्याने सांगितलेले लिहून घ्या. वर्षात बावन्न बुधवार येतात. एवढ्यात एक ग्रंथ होतो.

घरपोच सामान येऊ लागल्यापासून आठवड्याच्या बाजाराची गरज उरेल काय, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. माल दारात मिळेल, यात शंका नाही. पण पालखी कोणत्या रस्त्याने जायची, कुणाच्या घरी तेल संपले आहे, कुणाचा मुलगा परत आला, हे दारात मिळत नाही. पुढच्या बुधवारी पिशवी घेऊन पेठेत जावे, नेहमीच्या जागी बसणाऱ्याकडून घ्यायचे ते घ्यावे, आणि त्याचे वडील कुठे बसायचे ते विचारावे. इतिहासाचे काम तिथूनच सुरू होते.