नागसेनवनातलं वसतिगृह आणि आजचं ‘कॉट बेसिस’

कुठल्याही कॉलेजात नव्या वसतिगृहाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती खाटा बसतील? आपल्याच शहरात पंचाहत्तर वर्षांपूर्वी या कामाची सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून झाली होती : राहणार कोण?

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. तोवर मराठवाड्याचं उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाशी बांधलेलं, माध्यम उर्दू. औरंगाबादेत इंटरमिजिएट कॉलेज होतं, पण पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठा. शेतमजुराच्या लेकराला ते कसं परवडणार?

जून १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ ही नावं मिळाली. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, खोदून खोदून प्रश्न विचारणारा. नागसेन म्हणजे त्याला उत्तरं देणारा भिक्खू. विद्यार्थ्यानं विचारावं, गुरूनं टाळू नये, हा अर्थ नावातच होता.

या परिसरात वर्गखोल्यांइतकंच महत्त्व वसतिगृहांना मिळालं. कारण साधं होतं. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती १९४४ पासून मिळू लागली होती. पण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात खोली देताना घरमालक आधी जात विचारायचा. फी माफ झाली तरी रात्री पाठ टेकायची कुठं? वसतिगृह नसतं तर प्रवेश कागदावरच राहिला असता.

बाबासाहेबांना हे आधीपासून ठाऊक होतं. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्येच सोलापुरात वसतिगृह काढलं होतं. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ च्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. म्हणजे महाराष्ट्रात वसतिगृह ही निव्वळ राहायची सोय कधीच नव्हती. स्वयंपाकघर एक की अनेक, हा तिथं समाजसुधारणेचा प्रश्न होता.

नागसेनवनातून काय निघालं? घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली पिढी निघाली. तिथं शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे सरांचं ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघालं आणि दलित साहित्याचं व्यासपीठ झालं. जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चाललेल्या नामांतर लढ्यात इथल्या विद्यार्थ्यांनी लाठ्या खाल्ल्या. ही माणसं नुसत्या तासांना बसून घडली नाहीत. रात्रीच्या वादात, एकाच वर्तमानपत्राभोवती जमून, एका ताटातली भाकर वाटून घेत घडली.

आता आजचं बघा. जालना, बीड, परभणी, हिंगोलीची पोरं इथं येतात आणि ‘कॉट बेसिस’वर राहतात. खोली नाही, फक्त एक कॉट. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. आपल्यासारख्या शहरासाठी योजनेत वर्षाला ५१,००० रुपये ठरले, त्यात राहण्याचे १५,०००. महिन्याला पडले १,२५०. एवढ्यात कुठली खोली मिळते, ते घरमालकांनीच सांगावं.

पैसे द्यायला विरोध नाही. पण पैशातून कॉट मिळते, वाचनालय मिळत नाही. शेजारच्या खाटेवर वेगळ्या जातीचा, वेगळ्या जिल्ह्याचा दोस्त मिळेल याची हमी मिळत नाही. मुलींच्या बाबतीत तर वसतिगृह नाही म्हटलं की बाप घरूनच पाठवत नाही.

म्हणून नवं वसतिगृह बांधताना खाटा मोजण्याआधी सर्वांत गरीब मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात टाकी केवढी हवी? मे महिन्यात चाळिशीपार पारा जातो, तेव्हा खोलीत वारा कुठून येईल? व्हरांडा, झाडं, रात्रभर उघडी अभ्यासिका, सगळ्यांची एकच मेस, दिव्यांग मुलांसाठी तळमजल्यावर खोल्या. यातलं काहीच चैनीचं नाही.

नकाशा मंजूर करणाऱ्या बैठकीला ठेकेदार असतो, साहेब असतात. सध्या कॉटवर राहणाऱ्या दोन मुलांना आणि दोन मुलींनाही तिथं बसवा. प्रश्न विचारणाऱ्याच्या नावानं कॉलेज उभं राहिलेलं हे शहर आहे. त्यांनाही विचारू द्या.