कॅरिबियन बेटांचा चातुर्मास

वेस्ट इंडीज हे नाव आमच्याकडे प्रथम पोचले ते क्रिकेटमुळे, आणि पुष्कळांच्या मनात ते अद्याप क्रीडांगणापुरतेच राहिले आहे. परंतु ज्यांची मुले अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झाली आहेत अशा आमच्या वाचकांपैकी अनेकांना आता जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद या बेटांचे आमंत्रण येऊ लागले आहे. मुले सुट्टी काढतात, आईवडिलांना जहाजावर बसवतात, आणि प्रवासाचा महिना कोणता घ्यावा हे बहुधा तिकिटाच्या किमतीवरून ठरते. आम्हांस येथे एवढेच सुचवावयाचे आहे की, त्या किमतीच्या पाठीमागे पाचशे वर्षांचा इतिहास उभा आहे; आणि स्वस्त महिना स्वस्त का, हे त्या इतिहासाला विचारल्यावाचून कळत नाही.

त्या समुद्राला आमच्यासारखाच एक चातुर्मास आहे. सरकारी हिशेबाने वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. त्यातही खरा उग्र काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा, आणि त्याचे शिखर १० सप्टेंबरच्या आसपास. समुद्राचे पाणी उन्हाळाभर हळूहळू तापत जाते, आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून वाऱ्याच्या लाटा पश्चिमेस सरकत येतात, आणि तापलेल्या पाण्यावर पोसून त्यांतील काहींची चक्रीवादळे होतात. गंमत अशी की, आमच्या गोव्यात मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. १ ऑगस्टला आमचा समुद्र कायद्याने उघडतो आणि पुढे नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केला की श्रद्धेनेही उघडतो. नेमका तोच १ ऑगस्ट तिकडे दार लावून घेण्याचा दिवस मानला जात असे. ही तारीख कोणी ठरविली, हे पुढे येईल.

या समुद्राचा कायदा युरोपीयांनी प्रथम जबर किंमत देऊन शिकला. सन १५०२ च्या जूनअखेरीस कोलंबस आपल्या चौथ्या सफरीत सांतो दोमिंगोच्या बंदरापाशी आला. वादळाची लक्षणे त्याने ओळखली होती. त्याने आश्रय मागितला, आणि स्पेनला निघण्याच्या बेतात असलेला मोठा ताफा काही दिवस रोखून धरावा असा निरोपही पाठविला. नवा गव्हर्नर ओव्हान्दो याने दोन्ही गोष्टी धुडकावल्या. ताफ्यात सुमारे तीस जहाजे होती. त्यांतील वीसएक बुडाली, शेकडो माणसे गेली. कोलंबसाला पूर्वी बेड्या घालून स्पेनला धाडणारा बोबादिया हाही त्यांतच बुडाला. जी मोजकी जहाजे वाचली त्यांतील एकावर कोलंबसाच्या वाट्याचे सोने होते, आणि ते सुखरूप स्पेनला पोचले. आमच्या पुराणिकांना असा प्रसंग मिळता तर त्यांनी त्यावर एक संपूर्ण अध्याय रचला असता! वास्तविक तो निरीक्षणाचा विजय होता. ‘हुराकान’ हा शब्दच मुळी तेथील मूळ रहिवाशांचा, आणि स्पॅनिशांनी वादळाबरोबर तोही उचलला.

आता त्या १ ऑगस्टविषयी. अठराव्या शतकात जमैकाची साखर लंडनला जाई, आणि तिचा विमा उतरविताना विमेकरी एक अट घालीत: जहाजाने १ ऑगस्टला किंवा त्यापूर्वी बंदर सोडलेच पाहिजे. त्यानंतर निघणाऱ्या जहाजाचा हप्ता साधारणपणे दुप्पट होई. व्यवसायाने वकील असल्यामुळे आम्हांस येथे क्षणभर रेंगाळण्याची मुभा वाचक देतील. ‘बाँड विरुद्ध नट’ या १७७७ च्या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे प्रश्न आला तो असा: जहाज माल भरून, परवाने घेऊन जुलै संपण्यापूर्वी जमैकाच्या एका बंदरातून निघाले, परंतु आरमारी संरक्षणाखाली जाणाऱ्या ताफ्यास मिळण्यासाठी ते त्याच बेटाच्या दुसऱ्या बंदरी गेले, आणि तेथे जहाजबंदीत सापडून ऑगस्ट उजाडला. मुदत पाळली गेली की मोडली? न्यायालयाने सांगितले, पाळली. कारण इंग्लंडचा प्रवास पहिल्या बंदरातूनच सुरू झाला होता. पुढच्याच वर्षी ‘होर विरुद्ध व्हिटमोर’मध्ये मात्र जहाज सज्ज होते, मुदत २६ जुलैची होती, पण गव्हर्नरच्या बंदीमुळे ते हललेच नाही, तेथे मालकाचा दावा बुडाला. सज्जता म्हणजे प्रस्थान नव्हे! विमा-कायद्याच्या विद्यार्थ्यांस हे निवाडे हमीच्या अटींचे धडे म्हणून शिकविले जातात. त्या अटींमागे तेथील आकाश होते, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

व्यापाऱ्यांप्रमाणे आरमारेही या महिन्यांत तेथून काढता पाय घेत. सन १७८० मध्ये ॲडमिरल रॉडनी सप्टेंबरात काही जहाजे घेऊन न्यूयॉर्कला गेला, आणि ऑक्टोबरात बार्बाडोस, मार्टिनिक, सेंट लुशिया या बेटांवर जे महावादळ कोसळले त्यात सुमारे बावीस हजार माणसे मेली. अटलांटिक महासागरातील ज्ञात वादळांत इतकी प्राणहानी दुसऱ्या कोणत्याही वादळाने केलेली नाही. पुढल्या वर्षी फ्रेंच सेनानी द ग्रास याने याच पंचांगाचा अचूक उपयोग केला. वादळी महिन्यांत बेटांपाशी लढाई नाही, तर आरमार उत्तरेस का नेऊ नये? ऑगस्टच्या आरंभी तो निघाला, चेसापीकचे तोंड त्याने अडविले, आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाऊन येथे कॉर्नवॉलिसला शरणागती पत्करावी लागली. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल होऊन आमच्याकडे आला, आणि मराठे व निजाम यांच्या साह्याने त्याने टिपूवर श्रीरंगपट्टणचा तह लादला. अमेरिकेचे स्वातंत्र्य वादळांनी दिले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण वादळांच्या हंगामामुळे फ्रेंच आरमार मोकळे झाले, हे नाकारता येणार नाही.

ज्यांना जाता येत नव्हते ते बेटवासी काय करीत? ते प्रार्थना करीत. व्हर्जिन बेटांपैकी जी पूर्वी डेन्मार्ककडे होती आणि १९१७ मध्ये अमेरिकेने विकत घेतली, तेथे जुलैच्या चौथ्या सोमवारी वादळ टळावे म्हणून याचनेचा दिवस पाळण्याची, आणि ऑक्टोबरात संकट टळले म्हणून आभाराचा दिवस पाळण्याची जुनी चाल आहे. धर्म निराळा, सागर निराळा. परंतु आषाढीला व्रत धरणाऱ्या आणि कार्तिकीला सोडणाऱ्या माणसाला ही चाल परकी वाटू नये.

याच्या उलट हिवाळ्याची कीर्ती. तिचा पहिला प्रसिद्ध पाहुणा म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन. क्षयाने आजारी असलेल्या थोरल्या भावाला घेऊन तो १७५१ च्या नोव्हेंबरात, म्हणजे वादळे सरल्यावर, बार्बाडोसला उतरला. हवा उत्तम लाभली. देवी मात्र अंगावर आल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या हवेचा रीतसर व्यापार झाला. जमैका सरकारने १८९० मध्ये हॉटेलांना उत्तेजन देणारा खास कायदा केला, १८९१ च्या जानेवारीत किंग्स्टनला मोठे प्रदर्शन भरविले, आणि केळी घेऊन बोस्टनला जाणारी जहाजे परतताना थंडीने गारठलेले अमेरिकन पाहुणे आणू लागली. तेव्हापासून रुळलेला डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा ‘सीझन’ आणि त्याचे चढे दर आजही कायम आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा हंगाम जितका बेटांच्या आकाशाने ठरविला तितकाच बोस्टन-न्यूयॉर्कच्या बर्फानेही ठरविला. एप्रिल सरताच बेटांवरील ऊन काही बिघडत नाही. उत्तरेतील बर्फ वितळते, आणि खोल्या रिकाम्या पडतात.

म्हणून आमचा कौल एप्रिलच्या उत्तरार्धाला आणि मे महिन्याला आहे. दर उतरलेले, समुद्र निवांत, आणि वादळांना अवकाश. त्या दिवसांत काही किनाऱ्यांवर सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ साचते. २०११ पासून हा उपद्रव वाढला आहे, तो विचारून घ्यावा. दुसरी निवड डिसेंबरचा पहिला पंधरवडा. सप्टेंबरातील अर्ध्या किमतीला भुलू नये. दक्षिणेकडील बेटे वादळांच्या वाटेबाहेर आहेत असे दलाल सांगतात, आणि अरुबा-कुरसावपुरते ते बरेचसे खरेही आहे; पण ग्रेनेडाबद्दलही लोक तसेच बोलत असत, आणि ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ने तेथील सुमारे नव्वद टक्के घरांची हानी केली. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरील’ने ग्रेनेडाच्याच कॅरियाकू बेटाची धूळधाण उडविली, हंगामाच्या इतक्या आरंभी एवढे प्रबळ वादळ पूर्वी नोंदले गेले नव्हते. जुन्या विमेकऱ्यांच्या १ ऑगस्टवर विसंबून राहण्याचे दिवस आता उरले नाहीत. त्यांचे आजचे वारस निराळी अट घालतात: वादळाला एकदा नाव मिळाले की त्यानंतर घेतलेला प्रवास-विमा त्या वादळाची भरपाई देत नाही. सही करण्यापूर्वी ते बारीक अक्षर वाचावे.

राहता राहिले त्रिनिदाद. ते अगदी दक्षिणेस असल्यामुळे वादळे तेथे क्वचितच पोचतात. कोरडा काळ जानेवारी ते मे, पाऊस जून ते डिसेंबर. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय करारबद्ध मजूर तेथे उतरले. त्यानंतर १९१७ पर्यंत लाखाहून अधिक आले, बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यांना महिना निवडण्याची मुभा कोणी दिली नव्हती. त्यांच्यापैकीच सिवदास साधू या मजुराने १९४७ मध्ये वॉटरलू येथे साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधले. कंपनीने ते १९५२ मध्ये पाडविले, आणि त्याला तुरुंगात धाडले. सुटून आल्यावर त्याने ठरविले की समुद्र तरी कोणाच्या मालकीचा नाही; आणि सायकलवरून दगड-सिमेंट वाहून, वर्षानुवर्षे भराव घालीत, त्याने पाण्यातच देऊळ उभे केले. पुढे लाटांनी खचलेल्या त्या देवळाचा जीर्णोद्धार होऊन ते १९९५ मध्ये पुन्हा खुले झाले. ते पाहावयाचे तर कोरड्या महिन्यांत जावे. दिवाळी तेथे १९६६ पासून सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे, आणि गावोगाव हजारो पणत्या लागतात. पण ती पडते ऐन पावसाळ्यात, तेव्हा ती पाहू इच्छिणाऱ्यांनी छत्री बरोबर ठेवावी.