ब्रह्मपुत्रेचे पाणी कोणाचे?

ब्रह्मपुत्रेचे पाणी तिबेटचे, असे मानले जाते. लांबीच्या हिशेबाने ते पटण्यासारखे आहे. नदीचा निम्म्याहून अधिक प्रवाह तिबेटातच आहे. पाण्याच्या हिशेबाने मात्र हे विधान टिकत नाही, कारण तिबेटचे पठार हिमालयाच्या पर्जन्यछायेत येते. नामचा बरवा शिखराला वळसा घालून ही नदी सियांग म्हणून अरुणाचल प्रदेशात उतरते, तेव्हा कुठे तिला मोसमी पावसाचे खरे बळ मिळते. पुढे दिबांग, लोहित आणि सुबनसिरी तिच्यात भर घालतात. म्हणूनच बांगलादेशात शिरणारी ब्रह्मपुत्रा भारतात आलेल्या प्रवाहाच्या कितीतरी पट मोठी असते.

मग वरच्या अंगाला काहीही घडले तरी खाली चिंता नको, असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. एप्रिल २००० मध्ये तिबेटातील यिगोंग खोऱ्यात दरड कोसळून तिथली नदी अडली. जूनमध्ये तो बांध फुटला आणि अरुणाचलात सियांगवरचे पूल वाहून गेले. वर्षाला एकूण किती पाणी येते, यापेक्षा ते केव्हा आणि किती वेगाने सुटते, यावर काठच्या गावांची सुरक्षितता ठरते. म्हणून सीमेपलीकडच्या पाणीपातळीची माहिती वेळेवर मिळणे, हा त्या गावांचा हक्क मानला पाहिजे.