तापणारे इंजिन आणि रबरी नळी

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुरावाटे आणि पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. कार्ल बेंझ यांच्या 1886 च्या तीनचाकी गाडीत हे पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जाई, आणि त्यामुळेच 1888 मध्ये मानहाइमहून फोर्झहाइमला निघालेल्या त्यांच्या पत्नी बर्था बेंझ यांना वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. पुढे व्हिल्हेल्म मायबाख यांनी 1901 च्या मर्सिडीझसाठी 8,070 बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडविला आणि तेच पाणी थंड करून पुन्हापुन्हा फिरविणे व्यवहार्य ठरले.

या रचनेतून एक नवी अडचण उभी राहिली, ती म्हणजे इंजिन हादरते आणि चौकटीला बांधलेला रेडिएटर त्याच्याबरोबर हादरत नाही. दोहोंना जोडणारी धातूची ताठ नळी हादऱ्यांनी तडकली असती. म्हणून तिथे कापडाचे थर घातलेली रबराची नळी, म्हणजे होज पाइप, आली. गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची, व्हल्कनीकरण म्हणून ओळखली जाणारी प्रक्रिया चार्ल्स गुडइयर यांच्या 1844 च्या पेटंटामुळे उपलब्ध होतीच, आणि नळीला तोंडाशी आवळणारी, स्क्रू फिरवून घट्ट होणारी क्लिप लम्ली रॉबिन्सन या निवृत्त ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1921 मध्ये दिली. नैसर्गिक रबर मात्र उष्णतेने कडक होते व तेलाने फुगते. 1960 च्या दशकापासून ईपीडीएम हे कृत्रिम रबर वापरात आल्यावर उष्णतेचा प्रश्न बराच सुटला, तेलाचा नाही.

महाराष्ट्रात या साऱ्याची कसोटी बोरघाटात लागली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात 1830 मध्ये खुला झालेला हा घाटरस्ता बैलगाड्यांच्या वाहतुकीसाठी बांधलेला होता, आणि 1954 मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनविण्यास आरंभ केल्यानंतर भरलेल्या गाड्याही त्याच मार्गाने चढू लागल्या. खालच्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोर लावते, पण गाडीचा वेग कमी असल्याने समोरून वारा मिळत नाही, सारा भार पंख्यावर येतो. शिवाय घाटमाथ्यावरील खंडाळ्याच्या उंचीवर पाणी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दोन अंश आधी उकळते. रेडिएटरचे दाब धरणारे झाकण उत्कलनबिंदू वाढविते खरे, परंतु तोच दाब नळीलाही सोसावा लागतो, त्यामुळे जुनी नळी नेमकी चढावरच फुटते.

दख्खनच्या विहिरींचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवयही महागात पडली, कारण त्यातील क्षारांचा थर धातूवर बसून उष्णता अडवितो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा गॅरेजांतील उपाय तर रोगापेक्षा वाईट होता: त्याने इंजिन थंडच चालते, इंधन जास्त जळते, झीज वाढते आणि मूळ दोष तसाच राहतो. ग्लायकॉलयुक्त कूलंटला थंड प्रदेशाचे औषध समजले गेले. वास्तविक तो गंजही रोखतो आणि उत्कलनबिंदूही वाढवितो.

नळीचे दुखणे बहुधा आतून सुरू होते. कूलंट आणि दोन टोकांचे धातू मिळून एक सूक्ष्म विद्युत्घट तयार होतो व त्याच्या क्रियेने क्लिपजवळ आतील बाजूस चिरा पडतात, ही गोष्ट 1980 च्या दशकात स्पष्ट झाली. म्हणून बाहेरून तुकतुकीत दिसणाऱ्या नळीवर विसंबू नये. गाडी पूर्ण गार झाल्यावर क्लिपजवळ बोटांनी दाबून पाहावे, नळी पिलपिलीत किंवा कडकडीत लागल्यास वरची व खालची दोन्ही एकदमच बदलावीत. बऱ्याच जुन्या ट्रकांत खालच्या नळीत एक स्प्रिंग असते. नळी बदलताना ती पुष्कळदा फेकून दिली जाते, आणि मग वेग वाढताच पंपाच्या ओढीने नळी आत चपटी होऊन पाणीच अडते.