उरलेल्या यकृताचा हिशेब

मी बेळगावची, नोकरी सगळी बेंगळुरूच्या ऑपरेशन थिएटरांत झाली. यकृताच्या ऑपरेशनला माझ्याकडे घड्याळ असे. "सर, पंधरा झाली!" यकृताला रक्त नेणारी वाट पंधरा मिनिटं आवळायची, पाच मिनिटं सोडायची. ती दाबून धरायची युक्ती ग्लासगोच्या प्रिंगल यांनी १९०८ मध्ये लिहून ठेवली.

त्याआधी, १८८८ मध्ये, बर्लिनच्या लांगेनबुख यांनी एका बाईच्या यकृताचा तुकडा ठरवून काढला, पण रक्त थांबेना म्हणून काही तासांत पोट पुन्हा उघडावं लागलं. बाई वाचली. पुढेही बराच काळ सर्जनांना धास्ती रक्ताचीच. १९५७ मध्ये पॅरिसच्या कुइनो यांनी यकृताचे आठ भाग दाखवले, प्रत्येकाचा रक्तपुरवठा वेगळा. मग कुठे नेमकं कापता येऊ लागलं.

रक्त आटोक्यात आलं, तरी काही पेशंट ऑपरेशननंतर पिवळे पडत आणि जात. कॅन्सरची गाठ गेलेली, उरलेलं यकृत चालेना. ते आधी ओळखायचं कसं? १९७३ मध्ये, म्हणजे बेंगळुरूत किदवाई कॅन्सर संस्था सुरू झाली त्याच वर्षी, लंडनच्या प्यू यांनी चाइल्ड यांचं जुनं कोष्टक सुधारलं: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायचा वेळ, पोटातलं पाणी, मेंदूवरची गुंगी. केलं होतं अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांच्या ऑपरेशनसाठी, कॅन्सरसाठी नव्हेच! केसपेपरवर 'चाइल्ड सी', म्हणजे त्या कोष्टकातला सगळ्यांत वाईट वर्ग, दिसला की यकृत कापायचा विषय संपतो.

निरोगी यकृताचा पाव हिस्सा उरला तरी भागतं. सिरॉसिस असेल तर चाळीस टक्के तरी लागतं. तेवढं उरणार नसेल तर १९८० च्या दशकात जपानच्या माकुउची यांनी रुळवलेली वाट आहे. गाठीच्या बाजूला रक्त नेणारी पोर्टल शीर आधी बंद करतात, काही आठवड्यांत दुसरी बाजू वाढते, मग ऑपरेशन. हे थांबणं घरच्यांना सोसत नाही. कन्नड, तमिळ, मराठी, कुठलेही नातेवाईक असोत, प्रश्न एकच: "गाठ पूर्ण निघाली ना?" माझ्या मते "राहिलेलं यकृत कसं आहे?" हे आधी विचारावं. कारण पाच वर्षांत सत्तर टक्क्यांपर्यंत पेशंटना पुन्हा गाठ होते. बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी शिरल्या असतील तर धोका अधिकच, आणि आजारी यकृतात नवी गाठही धरते. गाठीच्या मुळाशी हिपॅटायटिस बी असेल तर ऑपरेशननंतरही त्याच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल तर आई, भावंडं, मुलं सगळ्यांची रक्ततपासणी करून घ्या. बाळाला पहिली लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.