यशवंतरावांची साक्ष 1946पाशी थांबते

यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ 1984 साली प्रसिद्ध झाले. सत्तरी गाठलेल्या माणसाने आपल्या तरुणपणाकडे वळून पाहिलेले हे पुस्तक 1946पाशी थांबते. पुढचा भाग लिहून होण्याआधीच, 25 नोव्हेंबर 1984 रोजी, ते गेले. त्यांची राजकीय मते कशी बदलत गेली हे शोधताना ही मर्यादा आधी ध्यानात घ्यावी लागते. बंडखोर तरुण कसा घडला ते यशवंतराव स्वतः सांगतात. त्या तरुणाचा राज्यकर्ता कसा झाला, हे आपल्याला इतर कागदांवरून जुळवावे लागते.

पहिला भाग भरघोस आहे. जन्म 12 मार्च 1913चा, देवराष्ट्रे गावचा. गाव आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा साताऱ्यात. वडील लहानपणीच गेले. थोरले बंधू गणपतराव सत्यशोधक विचारांकडे ओढलेले. घरात ते वारे असताना कराडच्या टिळक हायस्कूलमधला हा मुलगा काँग्रेसकडे वळला आणि 1932मध्ये अठरा महिन्यांची सक्तमजुरी भोगायला गेला. येरवड्याला आचार्य भागवत, एस. एम. जोशी अशांचा सहवास मिळाला. गांधीविचाराबरोबर मार्क्सही कानावर पडला. सुटल्यावर मानवेंद्रनाथ रॉय यांची ओढ लागली. महायुद्धात ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना साथ द्यावी, अशी रॉय यांची भूमिका झाली. यशवंतरावांना ती पटली नाही आणि वाटा वेगळ्या झाल्या. 1942मध्ये ते भूमिगत होते.

या कथनात लपवाछपवी दिसत नाही. तरीही ते पारखूनच घ्यावे. अठरा महिन्यांची शिक्षा ही नोंद आहे. त्या महिन्यांत मनात काय घडले, ही पन्नास वर्षांनंतरची आठवण आहे. दोन्हींचे वजन सारखे धरता येत नाही.

खरी कसोटी 1948ची, आणि नेमकी तिथे त्यांची साक्ष नाही. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) काढला. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील तिकडे गेले. येडेमच्छिंद्रचे नाना आणि देवराष्ट्र्याचे यशवंतराव एकाच मुलखातले. दोघांवर सत्यशोधकी संस्कार, दोघेही 1930च्या लाटेत काँग्रेसमध्ये आलेले, दोघेही बेचाळीसचे भूमिगत. यशवंतराव मात्र काँग्रेसमध्येच राहिले. 1955च्या अखेरीस त्यांनी फलटणला महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना मोठे मानले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्रवाद्यांचा केवढा रोष त्यांनी ओढवून घेतला!

1957च्या निकालाची यादी इथे फार बोलकी आहे. कराडने विधानसभेवर द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव यांना निवडून दिले, तेही थोडक्यात. लोकसभेला कराडमधून आले शेकापचे दाजीसाहेब चव्हाण आणि साताऱ्यातून नाना पाटील, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे. 1962मध्ये दाजीसाहेब त्याच कराडमधून पुन्हा निवडून आले, पण काँग्रेसचे म्हणून. मधल्या काळात महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस, 1 मे 1960, येऊन गेला होता. दुराव्याचे एक मोठे कारण त्या दिवशी संपले. नाना मात्र परतले नाहीत. 1967मध्ये ते बीडमधून लोकसभेवर गेले ते कम्युनिस्ट म्हणूनच.

या कागदांवरून मी असे मानतो की, यशवंतरावांचा क्रांतीचा मार्ग बदलला, मार्क्सची भाषा मागे पडली, पण संघटना सोडून काही साधत नाही हे मत रॉय यांच्यापासून दूर झाल्यावर तीस-पस्तीस वर्षे टिकले. त्या मताला तडा गेला तो आणीबाणीनंतर. काँग्रेसच्या 1978च्या फुटीत ते इंदिरा गांधींच्या विरोधी बाजूला राहिले. 1979मध्ये मोरारजींच्या सरकारवर त्यांनी अविश्वासाचा ठराव मांडला, मग चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. 1980मध्ये साताऱ्यातून काँग्रेस (अर्स)चे खासदार झाले आणि पुढे इंदिरा गांधींच्याच पक्षात परतले. हा परतीचा प्रवास मतांचा होता की नाइलाजाचा, हे निवडणुकीच्या यादीवरून ठरत नाही. त्यासाठी त्या-त्या वेळी लिहिलेली पत्रेच हवीत.

शोधणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. 1949 ते 1960 या काळातला सांगली जिल्हा दप्तरात ‘दक्षिण सातारा’ या नावाने सापडतो. आणि कडेगाव, वाळवा, कराडकडच्या वाचकांना विनंती: 1946नंतरची सभांची हस्तपत्रके, कार्यकर्त्यांची पत्रे, स्थानिक साप्ताहिकांचे अंक घरात असतील तर रद्दीत घालू नका, जवळच्या ग्रंथालयाला द्या.